ऐंशी इंचांची दोन घराणी : सॉलिहल ते परतवाडा

१/
परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटाच्या डोंगरांतून वळणे घेत जातो. या भागात दोन प्रकारच्या गाड्या हमखास दिसतात. एक, पर्यटकांना वाघ दाखवायला निघालेली उघडी जिप्सी. दुसरी, आठवडी बाजाराला निघालेली, माणसे आणि गाठोडी यांनी ठासून भरलेली काळी-पिवळी. या दोन्हींत एक साम्य आहे, पण ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुळात आखूड असलेल्या, आडवाटेवर चालणाऱ्या गाडीचा वंश लांबवून त्या घडल्या आहेत. ही लांबी कोणी वाढवली, आणि कोणासाठी, याचा हा इतिहास.

२/
प्रथम एक संज्ञा. गाडीच्या पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर म्हणजे व्हीलबेस. वऱ्हाडातील बंडी, दमणी किंवा रेंगी यांना एकच आस, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नव्हता. बंडीची साटी थोडी लांब केली, की कापूस जास्त मावे. समतोल बैलांच्या खांद्यावर सांभाळला जाई. दोन आसांची मोटार आली आणि त्या दोहोंमधील अंतर ही मोठी महत्त्वाची गोष्ट ठरली. गाडी किती माणसे नेईल, खड्ड्यात किती आपटेल, घाटात कशी वळेल, हे बरेचसे या एका मापावर अवलंबून असते.

३/
कथेचा आरंभ ऐंशी इंचांपासून होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे सुमारे २०३२ मिलिमीटर होता. गाडी हलकी, चारही चाकांना शक्ती पुरवणारी आणि जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी. सैन्याला एवढेच हवे होते. मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांचा विचार करायला युद्धात कोणाला सवड नव्हती. युद्ध संपले, आणि या ऐंशी इंचांची दोन घराणी दोन देशांत वाढू लागली.

४/
पहिले घराणे इंग्लंडमधील. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्या अँगलसी बेटावरील शेतावर युद्धातून उरलेली एक विलीज जीप होती. तिच्या जागी आपलीच गाडी का असू नये, या विचारातून लँड रोव्हर जन्मली. तिचा पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली, तेव्हा तिचा व्हीलबेसही नेमका ८० इंच होता. सॉलिहलच्या कारखान्यात ती शेतकऱ्यांसाठी बनू लागली.

५/
दुसरे घराणे मुंबईतील. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. जे. सी. महिंद्रा व के. सी. महिंद्रा हे बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद यांची ती कंपनी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. सुटे भाग आणून मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली. ऐंशी इंचांचे तेच माप अशा रीतीने महाराष्ट्राच्या भूमीवर आले.

६/
ही जीप खेड्यांत पोचली ती मुख्यतः सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकासगटाच्या अधिकाऱ्याची जीप हे नव्या राज्यकारभाराचे दृश्य चिन्ह बनले. पुढे वऱ्हाडच्याच मातीतले, पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. अमरावती-अकोल्याची काळी कसदार जमीन पावसाळ्यात चाक गिळून टाकते. अशा वाटांवर तालुक्याचा साहेब गावात यायचा, तर जीपला पर्याय नव्हता.

७/
पण गाव जीपकडे पाहत होते, जीपमध्ये बसत नव्हते. ऐंशी इंचांत चालक, शेजारी एक साहेब आणि मागे अवघडून बसलेले दोन-चार जण, एवढीच सोय. मागची जागा बरीचशी चाकांच्या कमानींनी खाल्लेली. माणसे किंवा माल वाढवायचा, तर दोनच मार्ग: मागच्या आसाच्याही मागे शेपूट वाढवणे, किंवा दोन आसांमधले अंतरच वाढवणे. पहिला स्वस्त आणि धोक्याचा. दुसरा खर्चिक, पण खरा. या दोन मार्गांतला फरक पुढे मोठा ठरणार आहे.

८/
इंग्लंडने दुसरा मार्ग लवकर धरला. १९५४ मध्ये लँड रोव्हर ८६ आणि १०७ इंच अशा दोन लांबींत मिळू लागली. १९५६ मध्ये त्यांचे ८८ आणि १०९ झाले. लांब गाडीच्या बंदिस्त आवृत्तीत दहा माणसे बसत. पुढे बारा आसनांची आवृत्तीही आली. तिचे एक कारण मोठे गमतीचे आहे: बारा आसनांचे वाहन ब्रिटिश नियमांनुसार बस ठरे आणि त्यावरील खरेदीकर माफ होई. थोडक्यात, साहेबाच्या देशातही लांबी प्रथम वाढली ती माल, माणसे आणि करसवलत यांसाठी. ऐषआरामाचा त्यात मागमूस नव्हता.

९/
अमेरिकेत विलीजने १९५५ मध्ये सीजे-६ ही १०१ इंचांची लांब जीप काढली. तिची आखूड बहीण सीजे-५ ही ८१ इंचांची. महिंद्राने भारतीय गरजेनुसार मधला मार्ग काढला आणि ९१ इंचांची जीप तयार केली. अकरा इंचांच्या या वाढीने मागे समोरासमोर दोन बाकडी टाकणे सुलभ झाले. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे परवान्याखालील डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागले. लांब सांगाडा आणि स्वस्त इंधन एकत्र आले, आणि सरकारी साहेबाची जीप भाड्याने चालवण्याजोगी झाली.

१०/
लांबीचे शास्त्र थोडक्यात असे. आखूड गाडीचे पुढचे चाक खड्ड्यातून वर येते न येते तोच मागचे चाक त्यात जाते. बसणारा घुसळला जातो. लांब गाडीत हे झोके संथ होतात, म्हणून ती सुखाची वाटते. मात्र लांबीची किंमतही मोजावी लागते. चिंचोळ्या वळणावर तिला जास्त जागा लागते. शिवाय नाल्याचा काठ किंवा बांध ओलांडताना दोन आसांमधले पोट जमिनीला टेकते. म्हणजे गाडी जितकी लांब, तितकी ती रस्त्यावर सुखी आणि आडरानात पंगू. ही देवाणघेवाण सर्व देशांतील अभियंत्यांना सारखीच करावी लागली.

११/
आता पुन्हा सॉलिहलकडे. १७ जून १९७० रोजी रेंज रोव्हर बाजारात आली. स्पेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली होती आणि तिचा व्हीलबेस १०० इंच होता. आज ऐश्वर्याचे प्रतीक ठरलेली ही गाडी आरंभी चांगलीच साधी होती. दोनच दरवाजे, प्लास्टिकचा डॅशबोर्ड आणि पाण्याच्या नळीने धुऊन काढता येईल असा अंतर्भाग. शेतावरून आलेल्या चिखलाच्या बुटांचा विचार तिच्यात होता. कारखान्यातून चार दरवाजांची आवृत्ती निघायला १९८१ साल उजाडावे लागले.

१२/
दरम्यान तेलाच्या पैशाने आखातात नवा ग्राहक उभा राहिला होता. ब्रिटनमधील खासगी कारागीर रेंज रोव्हर मधोमध कापून, तुकडा जोडून, लांब करून देऊ लागले. चालक पुढे, मालक मागे, आणि मालकाला पाय पसरता आले पाहिजेत, ही नवी मागणी होती. अखेर कंपनीनेच १९९२ मध्ये ‘व्होग एलएसई’ काढली. व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे आठ इंच जास्त, आणि ही सारी वाढ मागच्या प्रवाशाच्या पायांना मिळाली. पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या स्प्रिंगा आल्या. दोनच वर्षांत, १९९४ च्या नव्या पिढीत, १०८ इंच हेच नित्याचे माप झाले. कालची चैन आजची रीत झाली.

१३/
त्याच काळात वऱ्हाडातही लांब गाड्यांचे राज्य सुरू होत होते, पण त्यामागचे कारण अगदी वेगळे होते. एसटी तालुक्याच्या गावापर्यंत नियमित येई. आतल्या खेड्यात दिवसातून एक-दोन फेऱ्या, आणि पावसाळ्यात त्याही भरवशाच्या नाहीत. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ची नॅरोगेज कापसासाठी टाकलेली, तिची चाल एवढी संथ की घाईच्या माणसाला ती उपयोगाची नव्हती. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि खासगी परवाने मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. एसटी आणि बंडी यांच्यामधली रिकामी जागा लांब जीपने भरून काढली.

१४/
पश्चिम महाराष्ट्रात या वाहतुकीला ‘वडाप’ म्हणतात. विदर्भात टॅक्सीच्या रंगावरून नाव पडले ‘काळी-पिवळी’. या गाड्यांचे माहेर मात्र महाराष्ट्रातच. महिंद्राची कमांडर ही जीपच्याच सांगाड्यावरची लांब आवृत्ती. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची (आजची फोर्स मोटर्स) ट्रॅक्स, आणि तिच्यातील लांब प्रकार क्रूझर. पुण्यातच टाटांनी १९९४ मध्ये आणलेली सुमो. तिचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले. यांतील बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांची जोडशक्ती नव्हती. आडरानातील गाडीचा उंच, दणकट सांगाडा तेवढा ठेवला आणि उरलेली जागा माणसांना दिली.

१५/
या गाडीने काय बदलले, हे वऱ्हाडातील दिनक्रम पाहिल्यावर कळते. भाजीचे गाठोडे घेऊन धारणीच्या बाजाराला निघालेली कोरकू बाई. परतवाड्याच्या किंवा अकोटच्या महाविद्यालयात रोज जाऊन-येऊन शिकणारी मुलगी, जिच्या घरचे खोली करून ठेवायला राजी नव्हते. रात्री अडलेल्या बाळंतिणीला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी दार ठोठावून उठवलेला चालक. पौषातली बहिरमची यात्रा, शेगावची वारी, लग्नाचे वऱ्हाड. या साऱ्यांचे वेळापत्रक लांब जीपच्या मागच्या बाकड्यावर ठरू लागले. गाडी भरली की सुटणार, हेच तिचे वेळापत्रक.

१६/
पण ‘भरली’ म्हणजे किती, हा प्रश्न जीवघेणा होता. परवाना चालकासह साधारण दहा जणांचा. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट माणसे, काही टपावर, काही मागच्या पायदानावर लटकलेली. येथे सातव्या भागातील फरक आठवावा. आसांच्या मध्ये बसलेला भार चारही चाकांवर वाटला जातो. मागच्या आसाच्याही मागे लटकलेला भार तरफेसारखा काम करतो आणि पुढची चाके हलकी करतो. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल होते, ब्रेकची पकड घटते, आणि घाटातले वळण हुकते. जी लांबी कारखान्याने दिली नव्हती, ती भाड्याच्या हिशेबाने मागे चिकटवली गेली आणि तिची किंमत अपघातांत मोजली गेली.

१७/
कायदाही या गाडीच्या बाजूने पूर्णपणे कधी नव्हता. ठरावीक थांब्यांवर प्रवासी चढवत-उतरवत जाणे म्हणजे टप्पा वाहतूक, आणि तिचा हक्क एसटीचा. काळी-पिवळीचा परवाना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरवून जाण्याचा, म्हणजे कंत्राटी वाहतुकीचा. त्यामुळे बसस्थानकाबाहेर उभी राहणारी जीप एकाच वेळी गावाची गरज आणि एसटीच्या उत्पन्नाला लागलेली गळती अशी दोन्ही होती. या वादात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एसटी तोट्यातल्या मार्गावरही सवलतीच्या पासाने विद्यार्थ्याला नेते. जीप ते करीत नाही. आणि एसटी जिथे जात नाही, तिथे जीप जाते.

१८/
मेळघाटातील दुसऱ्या गाडीचे, म्हणजे जिप्सीचे कूळ जपानी आहे. सुझुकीच्या एसजे४१० या छोट्या गाडीचा आखूड व्हीलबेस २०३० मिलिमीटर, म्हणजे जीपच्या ऐंशी इंचांशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा. भारतात मारुतीने १९८५ मध्ये जिप्सी आणली, ती मात्र याच गाडीची २३७५ मिलिमीटरची लांब आवृत्ती होती. सैन्य, पोलीस आणि वनखाते यांना मागे माणसे बसवायची होती, म्हणून भारतासाठी लांबी निवडली गेली. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालेल्या मेळघाटात आज पर्यटक ज्या मागच्या बाकावरून कॅमेरा रोखतात, तो बाक त्या ३४५ मिलिमीटरमुळे आहे.

१९/
आता दोन्ही घराणी पुन्हा एकत्र येतात, आणि तीही महाराष्ट्रात. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली. पुढील पिढीतील रेंज रोव्हरची लांब आवृत्ती ३१२० मिलिमीटरची होती. २०२१ मध्ये आलेल्या पिढीत ती ३१९७ मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे १२६ इंचांवर गेली. मे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात होणार.  त्यासाठी निवडली गेली ती लांब व्हीलबेसची आवृत्ती, कारण दोन कोटींहून अधिक मोजणारा भारतीय मालक बहुधा मागे बसतो.

२०/
त्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, महिंद्राने थार रॉक्स आणली. ती नाशिकच्या कारखान्यात बनते. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, रॉक्सचा २८५०. चाळीस सेंटिमीटरची ही वाढ पाच दरवाजे आणि मोठ्या मागच्या आसनासाठी. त्याआधी २०२३ मध्ये मारुतीने जिम्नी २२५० वरून २५९० मिलिमीटरवर नेली होती, आणि २०२४ मध्येच फोर्सची गुरखा २४०० वरून २८२५ वर गेली. माझगावच्या ऐंशी इंचांपासून निघालेली जीप ११२ इंचांवर पोचली. तिला छताची काच, थंड हवा देणारी आसने आणि मोठे पडदे लाभले. साहेबाची जीप, मग गावाची जीप, आणि आता हौसेची जीप.

२१/
आता एक साधा हिशेब. व्हीलबेसला आसनांनी भागावे. १०९ इंचांची बारा आसनी लँड रोव्हर: माणशी सुमारे नऊ इंच. शंभर इंचांच्या आसपासची काळी-पिवळी: परवान्याप्रमाणे माणशी दहा इंच, बाजाराच्या दिवशी सहा-सात. १९९२ ची १०८ इंची एलएसई: पाच जणांत माणशी सुमारे साडेएकवीस. पाच आसनांची थार रॉक्स: माणशी बावीस. पुण्यात जुळणाऱ्या पाच आसनी लांब रेंज रोव्हरमध्ये माणशी पंचवीस. हा अभियांत्रिकीचा नियम नव्हे, केवळ एक ढोबळ माप आहे. तरी कोणत्या गाडीची लांबी कोणासाठी होती, हे ते स्पष्ट सांगते.

२२/
मोटारींचे इतिहास बहुधा अश्वशक्ती, वेग आणि मालकांची नावे यांनी भरलेले असतात. लँड रोव्हरच्या प्रत्येक इंचाची नोंद ठेवणारी पुस्तके आणि संग्रहालये जगभर आहेत. विलीज जीपही संग्राहक जपतात. बसस्थानकाबाहेर तीस वर्षे उभ्या राहिलेल्या काळ्या-पिवळ्या कमांडरला असा मान मिळालेला नाही. जुन्या झाल्या, की त्या भंगारात जातात. त्यांच्याबरोबर मागच्या बाकड्यावरून शिकायला गेलेल्या पहिल्या पिढीच्या प्रवासाची खूणही नाहीशी होते.

२३/
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी एक काम शिल्लक आहे. गावातील जुन्या चालकाकडे परवान्याचा कागद, गाडीचे नोंदणीपुस्तक किंवा एखादे छायाचित्र असेल. मार्ग कोणता, भाडे किती, पावसाळ्यात गाडी कुठपर्यंत जाई, हे त्याला आठवत असेल. ते आज टिपून ठेवता येते. सॉलिहलच्या आठ इंचांचा इतिहास लिहिला गेला आहे. माझगावच्या अकरा इंचांनी वऱ्हाडात काय घडवले, याचा इतिहास अजून लोकांच्या आठवणीत आहे, आणि आठवणींचे आयुष्य गाड्यांहून फार मोठे नसते.